मनू नाताळ बघायला आली

६ डिसेंबर १९८८, जळगाव

पहाटे अंघोळ, पांढरा सदरा, पुतळ्यापाशी मेणबत्ती. गेल्या वर्षी मनू खांद्यावर होती आणि कांता गर्दीत मागून ओरडत होती, पोरीची चप्पल पडली, पोरीची चप्पल पडली. यंदा एकटाच. ओळखीचे लोक भेटले की आधी हसतात, मग आठवतं त्यांना, मग तोंड पाडतात. त्यापेक्षा हसले तरी चालेल.

घरी आलो. चहा केला, दूध नासलेलं. मरू दे.

कांताला कावीळ झाली, ती भर पावसाळ्यात गेली. त्यानंतर मनू रोज विचारायची, "बाबा, जेवलात का?" दुसरीतली पोर. मी शिडीवर चढून कुणाच्या तरी दुकानाचा बोर्ड रंगवतोय आणि ही खाली उभी राहून भर रस्त्यात ओरडतेय, जेवलात का. दुकानदार हसायचे. मी खोटंच हो म्हणायचो. मग तिचे मामा आले, पंधरा दिवस नेतो म्हणाले, पोरीला जरा बदल. गणपतीत नेली ती अजून दोंडाईच्यालाच आहे. तिथल्या शाळेत नावही घातलंय.

आता विचारणारं कुणी नाही, तर खोटं बोलायचीही सोय नाही.

९ डिसेंबर

दिनकर आला होता. कांताचा धाकटा भाऊ. सरळ माणूस आहे, म्हणूनच राग धरता येत नाही. बसला, पाणी प्यायला, खोलीभर बघितलं. रंगाचे डबे, ब्रश, टर्पेंटाइनचा वास, भिंतीला टेकवलेला अर्धा बोर्ड. त्यानं काय बघितलं ते मला कळलं.

म्हणाला, "दाजी, मनूला आमच्या पदरात टाका. रीतसर. शोभाला मूल नाही, तुम्हाला माहितीये. ती पोरीला जीव लावते."

मी ब्रश पुसायला घेतला.

"मागे तुम्ही आलात आणि गेलात, तेव्हा पोर दोन दिवस फाटकाला धरून उभी होती. जेवली नाही. असं नका करू. एक तारखेपर्यंत येऊ नका. एक तारखेला बसू, अक्काही असेल, तिचीही नात आहे, काय ते ठरवू."

मी म्हणालो, बरं. च्यायला, बरं म्हणालो मी! माझी पोर, आणि मी बरं म्हणालो. तो गेल्यावर दाराला लाथ मारली. दार माझंच. अंगठा ठणकतोय.

१० डिसेंबर

काम नाही केलं. दुपारभर पडून होतो. दिनकर चुकीचं काय बोलला, असा विचार करून बघितला. काहीच चुकीचं बोलला नाही. पोरीची वेणी मला घालता येत नाही. ताप आला तर मी शिडीवर असतो. पुढे मोठी होईल, तेव्हा तिला काय सांगायचं, कुणी सांगायचं?

पण माझी आहे.

१२ डिसेंबर, धुळे

पीटर मास्तर जळगावला येऊन मला अक्षरशः उचलून घेऊन आला. आम्ही ड्रॉइंगच्या परीक्षेला एकत्र होतो तेव्हापासूनचा दोस्त. मिशनच्या शाळेत शिकवतो. यंदा त्यांच्या मैदानावर नाताळची जत्रा आहे, आसपासच्या शाळांच्या सहली येणार. म्हणाला, "पेंटर, घरात बसून कुजशील. चल, मला उत्तर ध्रुव करून दे."

मी म्हणालो, मी उत्तर ध्रुव बघितलेला नाही.

"मी तरी कुठे बघितलाय!"

शाळेच्या एका रिकाम्या वर्गात राहतो. फळ्यावर कुणाचं तरी गणित अजून तसंच आहे, चुकलेलं.

१४ डिसेंबर

गोठा झाला. बाळ येशू, मरिया, मेंढरं, सगळं प्लायवूडवर रंगवलं. मरियेचा चेहरा जमत नव्हता. तीनदा पुसला. शेवटी जमला तेव्हा बघतो तर कांता. तशीच ठेवली. पीटर म्हणाला, छान आलीय, जरा दमल्यासारखी दिसते. मी म्हणालो, नुकतं बाळंतपण झालंय, दमणारच.

हसला तो. मी मागे नळावर जाऊन तोंड धुतलं.

१५ डिसेंबर

आता घसरगाडी. पीटरच्या डोक्यात चित्रातली आहे: बर्फावरून घसरत जाणारी गाडी, पुढे शिंगांवर फांद्या असलेली हरणं, आत लाल कपड्यातला सांताक्लॉज. धुळ्यात हरणं कुठून आणणार? बैल. गाडीसाठी मी शेतात ढेकळं फोडायची फळी सुचवली. त्या फळीला चाकं नसतात, ती घसरतेच. सोनगीरजवळ कांताच्या काकांच्या शेतावर मनूला फळीवर उभी करून फिरवायचो. धूळ खात किंचाळायची. बैल थबकला की मी म्हणायचो, "हो बाप्पा, हो!" तीही तसंच म्हणायची, मोठ्या माणसाच्या आवाजात.

फळीला दोन्ही बाजूंनी पत्रे वळवून लावले, पुढे हंसासारखी मान. लाल रंगाचा पहिला हात दिला. वाईट नाही दिसत.

१६ डिसेंबर

रशीदभाई गाडीवानाचा बैल ठरला. जिनिंगला, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस वाहतात ते. बैलाचं नाव चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका. त्याचा जोडीदार बाळ्या दिवाळीनंतर मेला, पोट फुगून. पीटरनं दुसरा बैल मिशनच्या मळ्यातून आणला आणि दोघांना एका जुवाला जुंपलं. मग काय तमाशा! दोघंही डावीकडे घुसायला बघतात, एकमेकांना ढुशा देतात. पीटर ओरडतोय, सरळ चला, सरळ चला, जसं काही वर्गातली पोरंच.

रशीदभाई आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. म्हणाले, "मास्तर, दोन्ही डावाच शेत. डावा बैल जल्मना डावाच राहस. उजवीकडे कसा चाली?"

मी शेतकरी घरातला नाही, पण जुवाच्या डाव्या बाजूची सवय लागलेला बैल उजवीकडे चालत नाही, एवढं मला ठाऊक होतं. जुंपताना डोक्यातच आलं नाही. हल्ली डोकं कुठे असतं कुणास ठाऊक.

१७ डिसेंबर

मिशनचा बैल परत पाठवला. फळीला दोन बांबू बांधून एकट्या चांद्याला जोडलं. तरी तो वाकडाच. सगळं मैदान मोकळं, पण हा डावीकडे सरकत सरकत तारेच्या कुंपणाला घासतो. मी विचारलं, याला दिसत नाही का?

रशीदभाई म्हणाले, "दिसस ना. जागा सोडस तो. बाळ्यानी जागा."

मग ते स्वतः त्याच्या उजव्या बाजूला गेले, मानेवर हात ठेवला आणि चालायला लागले. बैल सरळ. एकदम सरळ. कोपऱ्यापर्यंत आणि परत.

मी रंगाचा डबा घेऊन तिथून निघून आलो. बोर्डाचं काम आहे म्हणालो. बोर्ड नव्हता काही.

१९ डिसेंबर

चांद्याच्या शिंगांना बोरीच्या फांद्या बांधल्या, चांदीचा रंग मारून. त्यानं मान झटकून एक फांदी माझ्या पाठीत घातली. रशीदभाई म्हणाले, "यंदा पोळा दोनदा उना का काय?"

संध्याकाळी पीटर सहलींचं वेळापत्रक सांगत होता. शिंदखेड्याची शाळा कधी, नरडाण्याची कधी. मग सहज म्हणाला, "चोवीसला दोंडाईच्याची. पहिली ते चौथी. सकाळी सोनगीरचा किल्ला करून दुपारी इथे."

मी विचारलं, कोणती शाळा. त्यानं नाव सांगितलं. मनूची.

हातातला ब्रश तसाच राहिला. पीटरला सगळं माहीत आहे. त्याच्याही लक्षात आलं.

२० डिसेंबर

जावं की राहावं. दिनकरला शब्द दिलाय. मला बघून ती परत फाटकाला धरून उभी राहिली तर? पण मी काही दोंडाईच्याला जात नाहीये, तीच येतेय. असं काहीतरी दिवसभर स्वतःशीच भांडत होतो. खरं सांगायचं तर भांडण नव्हतंच. चोवीसला मी इथेच असणार, हे मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. फक्त तिनं मला बघायचं नाही. लांबून बघेन. गोठ्यामागून.

२१ डिसेंबर

सांताक्लॉज होणारा कंपाउंडर तापानं पडला. पीटर माझ्याकडे बघतोय. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "पेंटर, दाढी असते. टोपी असते. डोळे तेवढे दिसतात. पोरीला कळणार नाही, आणि तुला जवळून बघता येईल."

"मी विहारात जाणारा माणूस."

"मग काय झालं? बैल रशीदभाईंचा, गोठा माझा, सांताक्लॉज विहारातला. देव बघून खूश होईल."

कपडे घालून बघितले. पोटाला उशी. आरशात कुणी तरी दुसराच म्हातारा. बरं वाटलं थोडं. हा म्हातारा काही कुणाचा बाप नव्हता.

२२ डिसेंबर

बर्फ आला. जिनिंगवाल्यांनी पोती भरून पाठवली. पीटरला वाटलं, कापूस म्हणजे कापूस. रुई पाठवायची ती त्यांनी सरकीसकट वेचणीचाच कापूस पाठवला, आणि पीटरनं तो पोरांकडून मैदानभर पसरूनही घेतला. मी झाडाला चांदण्या टांगत होतो, बघितलंच नाही. रशीदभाईंनी कपाळाला हात लावला. "त्यामा सरकी शे, मास्तर! बठ्ठं खाई टाकी तो." सरकी म्हणजे बैलाचं पक्वान्न.

आता उचलून काय होणार. रस्त्यावरचा तेवढा बाजूला ओढला. संध्याकाळी बघतो तर गल्लीतल्या शेळ्या अर्धा उत्तर ध्रुव खाऊन रवंथ करत बसलेल्या. किती दिवसांनी हसलो.

२३ डिसेंबर

पहिल्या दोन शाळा झाल्या. पोरं दाढी ओढतात. नियम असा की फेरी झाल्यावर एकेकानं सांताच्या कानात इच्छा सांगायची आणि संत्रं-गोळ्यांची पुडी घ्यायची. बॅट, सायकल, रंगपेटी. एकानं सांगितलं, आमचा कुत्रा परत आण. मी घोगऱ्या आवाजात म्हणतो, बघतो हं. दुसरं काय म्हणणार.

अंगात कणकण आहे. उद्या.

२४ डिसेंबर

लिहायचंय. सावकाश लिहितो.

सकाळपासूनच जेवण गेलं नाही. रशीदभाईंना जिनिंगवर कापसाची गाडी घेऊन जायचं होतं, भाड्याचे बैल लावून. म्हणाले, उजवीकडून तूच चाल, मानेवर हात ठेव, आता तो तुला ओळखतो. म्हणजे सांताक्लॉज गाडीत बसणारच नाही, बैलाशेजारी चालणार. पीटर म्हणाला, चालेल, पोरांना काय.

दुपारी एस.टी. आली. पोरं धुळीनं माखलेली, किल्ला चढून. मी लाल कपड्यांत बैलापाशी उभा. एकेक चेहरा बघतोय. मनू नाही. परत बघितलं. नाहीच. आलीच नाही की काय.

मग दिसली. केस कापलेत तिचे, मानेपर्यंत. वेण्या नाहीत. लाल स्वेटर, नवा. गाल भरलेत. माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मी ओळखलं नाही. स्वतःच्या पोरीला. दुसऱ्या एका पोरीचा हात धरून काहीतरी सांगत होती, भरभर, पूर्वीसारखं. सुखात होती. हे लिहिताना पेन कागदात घुसतंय, पण होती सुखात.

गाडीत तिच्या बाईंनी चार पोरं बसवली, त्यात ती. मी चांद्याच्या मानेवर हात ठेवला, निघालो. पाठीमागे तिचा आवाज. एकदाही मागे बघितलं नाही. बैल सरळ चालला.

वळणावर त्याला कापूस दिसला. संपलं. मान खाली घातली आणि खायला लागला. फांद्यांची शिंगं कापसात अडकली, पोरं हसून लोटपोट. बाई म्हणतायत, अहो सांताक्लॉज, हरिण बर्फ खातंय! ओढलं, ढकललं, हलेना. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो बाप्पा, हो! चल रे!"

माझ्याच आवाजात.

मागे तीन पोरं हसत होती. चौथीचं हसू थांबलं. ते थांबलेलं मला ऐकू आलं. बैल चालायला लागला. 

मग रांग. मी खुर्चीवर, मांडीवर पुड्यांची टोपली. ती आली तेव्हा मी मान खाली घातली. माझे हात बघत उभी राहिली. नखांत लाल रंग, गाडीचा. केव्हाचा घासतोय, निघत नाही. मग जवळ आली, कानाशी तोंड आणलं. तिच्या अंगाला दुसऱ्या घरच्या साबणाचा वास.

म्हणाली, "मी शोभामामीला आई म्हणते. मीच म्हणायला लागले, मला कुणी सांगितलं नाही. माझ्या बाबांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल."

मला बघतो हं म्हणायचं होतं.  पुडी दिली. ती घेऊन चार पावलं गेली, परत आली. मागची पोरं ओरडायला लागली, ए, दोनदा नाही, दोनदा नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं, टोपीखाली, नीट.

"जेवलात का?" म्हणाली.

मी मान हलवली. हो म्हणून.

गेली. एस.टी.त खिडकीशी बसली नाही, पलीकडच्या बाजूला बसली. मी शेवटपर्यंत फाटकाला धरून उभा होतो.

२५ डिसेंबर

नाताळ. चर्चमध्ये गाणी चालू आहेत, इथपर्यंत ऐकू येतात. पीटरच्या बायकोनं करंज्या पाठवल्या. खाल्ल्या नाहीत.

कुणाला काही सांगितलं नाही. पीटरनं एकदाच विचारलं, ओळखलं का तिनं. मी म्हणालो, नाही.

२६ डिसेंबर

ताप. वर्गातच पडून. डोक्यात एकच. तिनं मला ओळखून सांगितलं की सांताला सांगितलं? आधी सांगितलं आणि मग ओळखलं? नाही. नखं बघितली तेव्हाच ओळखलं. ओळखूनच सांगितलं. समोर बाप असताना बापाला सांगता येत नव्हतं ते दाढीला सांगितलं. आणि वर माझ्या जेवणाची काळजी. सात वर्षांच्या पोरीनं एवढं शहाणं का असावं? कुणी केलं तिला एवढं शहाणं?

मीच. दुसरं कोण.

२७ डिसेंबर

उठलो. गोठा उतरवायला घेतला. मरियेचं चित्र तू घेऊन जा, असं पीटर म्हणाला. नको म्हणालो. मग घेतली.

रशीदभाई फळी मोकळी करत होते. त्यांना नवा बैल मिळालाय, उजवा. म्हणाले, चांद्या त्याला चार दिवस जवळ येऊ देणार नाही, मारेल, मग सरकेल. "आनि नही सरकना ते?" मी विचारलं, त्यांच्याच बोलीत. ते म्हणाले, "ते मंग नही." एवढंच. चहा प्यायलो दोघं.

२९ डिसेंबर, जळगाव

खोली झाडली. डबे बाहेर गॅलरीत ठेवले. मनूची पाटी, दप्तर, एक फ्रॉक, जो आता तिला होणार नाही. फ्रॉक धुवून वाळत घातला. का, ते सांगता येत नाही.

मनूला आणलीच तर, म्हणून शेजारच्या काकूंना विचारलं, वेणी कशी घालतात. त्यांनी सुतळीवर शिकवली. जमली तिसऱ्यांदा. मग आठवलं, केस कापलेत तिचे. काकूंना काही बोललो नाही. त्या म्हणत होत्या, बघा, किती सोपंय.

३१ डिसेंबर

आणायचं ठरवलं की तिला आईपासून तोडतो. दुसऱ्यांदा. द्यायचं ठरवलं की ती समजणार, मी कानात सांगितलं, बाबांना वाईट वाटलं, म्हणून सोडलं मला. काहीही केलं तरी पोरीलाच लागणार. कांता असती तर म्हणाली असती, तुम्ही ना, कधी एक बाजू धरून बोलणारच नाही. कांता, तू असतीस तर हा प्रश्नच नव्हता ना बाई.

बॅग भरली. फ्रॉक घेतला नाही.

१ जानेवारी ८९, दोंडाईचा

बारा वाजता पोचलो. फाटकाशी मनू होती. धावत आली नाही. माझ्या हाताकडे बघितलं. नखं स्वच्छ होती, काल रॉकेलनं घासली होती. मग हात धरला आणि आत नेलं.

अक्का कोपऱ्यात, डोळे पुसत. दिनकरनं या म्हटलं, पाट मांडला. शोभा चुलीपुढून उठली नाही, पदर नीट केला फक्त. मी येताना घाबरलो होतो, पण ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली. थापलेली भाकरी मोडून परत थापली तिनं, दोनदा.

वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर, ठेचा. मनू माझ्या समोर बसली, ताटाकडे लक्ष ठेवून. बोलली काही नाही. सहलीचं नाही, बैलाचं नाही. अर्धी भाकर संपली तेव्हा मागे वळून तिनं हाक मारली.

"आई, बाबांना अजून एक भाकर."

मग तिच्या लक्षात आलं. चेहरा पांढरा पडला. शोभाचा हात तव्यावर तसाच.  सगळं घर माझ्याकडे बघत होतं.

मी म्हणालो, "गरम असेल तर घेतो."

शोभानं भाकर वाढली. मनूनं श्वास सोडला, मला ऐकू आला. दिनकर म्हणाला, "मग, दाजी? काय ठरवलंत?"

मी म्हणालो, "जेवू दे आधी."

जेवलो. पोटभर जेवलो, किती महिन्यांनी. हात धुवून बाहेर ओट्यावर बसून हे लिहितोय. आत मनू शोभाला ताटं पुसायला मदत करतेय, दोघींची कुजबुज चाललीय. दिनकर पान लावतोय. पान झालं की येऊन शेजारी बसेल. मी सरकून बसलोय, उजवीकडे जागा आहे.